गोळी बंद करण्याआधी

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात आरोग्य गटातर्फे दिलेल्या भाषणाचा मजकूर. पुस्तिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)



सर्वप्रथम देणगीदारांचे आणि तिकिटं घेऊन आलेल्या सर्व सभासदांचे मनापासून आभार. या निधीतून मंडळ रक्तदाब मोजायची यंत्रं घेणार आहे. लायब्ररीतून पुस्तक न्यावं तसं यंत्र आठवडाभर घरी न्यायचं आणि परत आणून द्यायचं. एका देणगीदारांनी अगदी रास्त प्रश्न विचारला, "औषधं एन.एच.एस. देतं, साठीनंतर तर फुकट देतं, मग तुम्हाला पैसे कशाला हवेत?" त्याचं उत्तर असं की औषधं मिळतात, पण ती पोटात जातातच असं नाही. आमच्या गटात फार्मसिस्ट आहेत, नर्स आहेत, निवृत्त डॉक्टर आहेत. गटातल्या प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरातला तो खण पाहिलेला आहे. लवंग-वेलदोड्यांच्या डब्यांमागे न उघडलेली पाकिटं रचून ठेवलेली असतात. दर महिन्याला प्रिस्क्रिप्शन येतं, गोळ्या घरी येतात आणि खणात जातात. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांना वाटतं की औषध लागू पडत नाही, म्हणून ते डोस वाढवतात.

लोक गोळी का सोडतात? आळसाने फार थोडे. बहुतेक जण सोडतात ती गोळीचा त्रास झाला म्हणून, आणि तसं सांगायचा संकोच वाटतो म्हणून. "डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात, त्यात खोकल्याचं काय रडगाणं गायचं?" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते आमचंही पाठ झालं आहे. म्हणून आज या गोळ्यांच्या दुष्परिणामांबद्दल सरळ बोलायचं ठरवलं आहे.

गोळी सोडली की काय होतं ते आधी पाहू. ॲम्लोडिपिन ही गोळी आपल्यात बरेच जण घेतात. ती शरीरातून फार हळू उतरते. निम्मं औषध बाहेर पडायलाच तीस ते पन्नास तास लागतात. त्यामुळे सोमवारी गोळी बंद केली तर बुधवारीही रक्तदाब बऱ्यापैकी जागेवर दिसतो. माणूस खूश होतो, "पाहा, मला गोळीची गरजच नव्हती!" आठवड्याने दाब पुन्हा वर गेलेला असतो, पण तेव्हा कुणी मोजत नाही, कारण डोकं दुखत नाही, काहीच होत नाही. काहीच वाटत नाही हीच या आजाराची सगळ्यात फसवी गोष्ट. आणि भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे, हे आपण आपल्याच ओळखीपाळखीत पाहतो.

काही सभासद म्हणतात, "ही इंग्रजी औषधं म्हणजे साइड इफेक्ट आलेच. आपली जडीबुटी बरी." यावर एक जुनी हकीकत सांगायला हवी, कारण ती मुंबईची आहे आणि लंडनचीही आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या देशी मुळीचा उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा लेख १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. त्या काळी रक्तदाबावर धड औषधच नव्हतं, त्यामुळे साऱ्या जगाने या लेखाची दखल घेतली. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतलं रेसर्पिन हे द्रव्य १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं आणि त्याच्या गोळ्या जगभर खपल्या. मग लक्षात आलं की काहींचं नाक चोंदतं, काही सुस्तावतात, आणि काही जण इतके उदास होतात की घरच्यांना ओळखू येत नाहीत. आज इथे रक्तदाबासाठी कुणी रेसर्पिन देत नाही. डॉ. वकिलांचं काम मोठंच आहे, अभिमान बाळगावा असंच आहे. पण मुळी आपल्या मातीतली होती म्हणून तिचे दुष्परिणाम काही कमी झाले नाहीत. ज्या औषधाचा गुण येतो त्याचा त्रासही होऊ शकतो, मग ते कारखान्यातलं असो की परसातलं.

आता खोकल्याकडे येऊ. रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल अशी ज्यांच्या नावाशेवटी 'प्रिल' येतं त्या गोळ्या दहातल्या साधारण एकाला कोरडा, चिवट खोकला देतात. बायकांमध्ये जरा जास्त. घसा खवखवतो, रात्री ढास लागते, कफ मात्र पडत नाही. याचं कारण मजेशीर आहे. या औषधांचा शोध ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापापासून सुरू झाला. सर्जिओ फरेरा हे ब्राझीलचे शास्त्रज्ञ या सापाच्या विषाचा अर्क घेऊन १९६० च्या दशकात लंडनला, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधल्या जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत आले. त्या अर्कामुळे ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात टिकून राहतं. पुढे त्यातूनच कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रक्तदाब उतरवायला हातभार लावणारं तेच ब्रॅडिकायनिन घशातही साचतं आणि खोकला काढतं.

आमच्या ओळखीच्या एका काकूंना असाच खोकला झाला. त्यांचा समज असा की इंग्लंडच्या हवेने घसा धरला. आधी हळदीचं दूध झालं, मग सिरप झालं, मग भारतातून ज्येष्ठमध मागवलं. ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर तोंडात. आता गंमत अशी की ज्येष्ठमध सतत खाल्लं तर शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. त्यांचा चढलाच. सर्जरीत डोस दुप्पट केला गेला, मग खोकलाही वाढला आणि कांड्याही वाढल्या. हे चक्र कित्येक महिने चाललं होतं. एके दिवशी औषधं आणायला गेल्या असताना काउंटरवरच्या फार्मसिस्टने विचारलं, "खोकला कधीपासून?" आणि गाडी रुळावर आली. रामिप्रिलऐवजी लोसार्टन दिलं, ज्येष्ठमध बंद केलं. खोकला जायला तीन-चार आठवडे लागले, तेवढा धीर धरावाच लागतो. लोसार्टन, कँडेसार्टन, टेल्मिसार्टन ही 'सार्टन' मंडळी बहुतांशी तेच काम खोकल्याशिवाय करतात. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीने खोकला आला तर त्यावर उपाय आहे, आणि तोही साधा. फक्त कुणाला तरी सांगावं लागतं.

'प्रिल'चा एक दुष्परिणाम मात्र विरळा असला तरी गंभीर आहे. ओठ, जीभ किंवा चेहरा एकाएकी सुजतो. ही सूज गोळी सुरू करून वर्षं लोटल्यावरही येऊ शकते, म्हणून "इतके दिवस तर काही झालं नाही" असं म्हणून थांबायचं नाही. ९९९ फिरवायचा. ज्यांना एकदा असं झालं त्यांनी 'प्रिल' पुन्हा कधीही घ्यायचं नाही, आणि भारतात गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनाही हे आठवणीने सांगायचं.

ॲम्लोडिपिनचा त्रास वेगळा. घोट्यांशी सूज येते, संध्याकाळी मोज्याची रेघ खोल उमटते, चपलेचा पट्टा लागत नाही. चेहरा गरम होतो, सुरुवातीला डोकं दुखतं. क्वचित हिरड्या फुगतात आणि आपण दंतवैद्याकडे खेपा घालतो. पायांच्या सुजेने लोक घाबरतात, मूत्रपिंड गेलं की काय म्हणून. सुजेचं कारण तपासायला हवंच, पण या गोळीने येणारी सूज बहुधा बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे पाणी झिरपून येते. ती लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. म्हणून नव्याने सूज आली आणि तिच्यावर आणखी एक गोळी लिहिली जात असेल तर नम्रपणे विचारावं, "डॉक्टर, ही ॲम्लोडिपिनमुळे नसेल ना?" डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, कधी जोडीला 'प्रिल' किंवा 'सार्टन' दिल्यानेही सूज उतरते. शिवाय ॲम्लोडिपिन चालू असताना ग्रेपफ्रूट फार खाऊ नये. आपलं पपनस त्याच घराण्यातलं, बरं का. आणि कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर ॲम्लोडिपिनबरोबर ते दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर घ्यायचं नाही, अशी सूचना इथल्या औषध नियामकांनी २०१२ साली दिली आहे. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर ४० दिसलं तर दाखवून घ्या.

लघवीची गोळी, म्हणजे इंडापामाइड किंवा बेंड्रोफ्लुमेथायझाइड, सकाळी घ्यावी. रात्री घेतली तर झोप मोडते. कोच ट्रिपच्या दिवशी बायका ती गुपचूप टाळतात हे आम्हाला माहीत आहे. टाळण्यापेक्षा त्या दिवशी ती कधी घ्यावी हे विचारून ठेवावं. या गोळीने रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम उतरू शकतं. वयस्कर माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागला, गळून गेला, तर "आता वय झालं" असं म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. संधिवाताचा गाउट हा प्रकारही तिच्यामुळे बळावू शकतो. 'प्रिल' आणि 'सार्टन'चं उलट असतं, त्यांनी पोटॅशियम वाढतं. म्हणून ही औषधं सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्ततपासणीला बोलावतात. ते पत्र फ्रिजच्या दारावर लावून विसरायचं नसतं. आणि सुपरमार्केटात मिळणाऱ्या 'कमी सोडियम'च्या मिठात सोडियमऐवजी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. 'प्रिल', 'सार्टन' घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. सैंधवाबद्दल दरवेळी प्रश्न येतो. सैंधव उपासाला चालतं, पण रक्तदाबाला ते साधं मीठच आहे.

आता जरा नीट लक्ष द्या, कारण हा भाग सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो. उलट्या-जुलाब सुरू झाले, ताप येऊन खाणंपिणं बंद झालं, तर अंगातलं पाणी कमी होतं. अशा वेळी 'प्रिल', 'सार्टन' आणि लघवीची गोळी नेहमीसारखी चालू ठेवली तर मूत्रपिंडांवर ताण येतो. त्यात अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतली तर तिहेरी मार. अशा दिवसांत या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे फार्मसिस्टना, जी.पी.ना किंवा १११ वर फोन करून विचारावं. डायबेटिसची मेटफॉर्मिनही याच यादीत येते. साधारणपणे खाणंपिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस झाले की गोळ्या पुन्हा सुरू करतात, आणि ते "पुन्हा सुरू" महत्त्वाचं. हृदय कमकुवत असलेल्यांनी मात्र स्वतःच्या मनाने काहीही थांबवू नये. निर्जळी उपास करणाऱ्यांनीही गोळ्यांबद्दल आधी विचारावं. देवाला पाण्याचा घोट चालतो असं आमच्या गटाचं मत आहे, पण तो वादाचा विषय आहे, सोडून देऊ.

दुखण्यावरच्या गोळ्यांचं म्हणाल तर आयब्युप्रोफेन रक्तदाब चढवते. पॅरासिटामॉल बरी, पण पाण्यात फसफसणारी नको. तिच्यात सोडियम इतकं असतं की दिवसाच्या आठ गोळ्यांतच सहा ग्रॅम मिठाची मर्यादा ओलांडली जाते. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही विचारूनच.

आणि आता आपली खास मराठी अडचण, म्हणजे सुटकेस. पुण्याहून येताना भाऊ सहा महिन्यांच्या गोळ्या आणतो. "तिकडच्या तुमच्या गोळ्या कसल्या, या घे, आमच्या डॉक्टरांनी दिल्यात." भारतात एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र मिळणं अगदी नेहमीचं आहे. पाकिटावरच्या ब्रँडच्या नावापुढे नुसतं 'ए.एम.' किंवा 'एच.' असं अक्षर असतं. त्यातलं ए.एम. म्हणजे बहुधा ॲम्लोडिपिन, आणि एच. म्हणजे लघवीची गोळी. इथे रामिप्रिल आणि ॲम्लोडिपिन चालू असलेल्या माणसाने टेल्मिसार्टन ए.एम. घेतली की ॲम्लोडिपिन दुप्पट झालं आणि 'प्रिल'बरोबर 'सार्टन'ही पोटात गेलं. या दोघांची जोडी किती उपयोगी पडते हे पाहायला ऑनटार्गेट नावाची चाचणी झाली. तिच्यात २५,६२० माणसं होती. २००८ साली निकाल आला. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन फायदा काही वाढला नाही, पण दाब फार उतरून येणाऱ्या तक्रारी आणि मूत्रपिंडाचा त्रास वाढला. भावाचं प्रेम खरं, पण पाकिटामागचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा. नाही वाचता आलं तर पाकीटच घेऊन फार्मसीत जा. आपल्याकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांनाही मूळ नावांची यादी खिशात ठेवायला सांगा. इथल्या डॉक्टरांना ब्रँडवरून काही बोध होत नाही.

उलट दिशेचा प्रवासही लक्षात ठेवा. इथल्या थंडीत बसवलेला डोस घेऊन आपण मे महिन्यात नागपूरला लग्नाला जातो. घाम, जागरण, त्यात पोट बिघडतं. मांडवात उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. निघण्याआधी त्याबद्दल एकदा बोलून घ्या.

अंधारी ज्येष्ठांना इथेही येते. रात्री लघवीला उठताना एकदम उभं राहायचं नाही. आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी डॉक्साझोसिन घेणाऱ्यांनी तर सुरुवातीला विशेष जपावं. चक्कर येत असेल तर नर्सला बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळचा दाब मोजायला सांगा. दाब फार खाली आणणंही नको असतं. ऐंशीच्या आत घरी मोजलेला दाब १३५/८५ च्या खाली असावा, ऐंशीनंतर १४५/८५ च्या खाली, असं इथली नाइस संस्था सांगते. वडिलांचं पडणं सुरू झालं असेल तर औषधांचा फेरविचार मागायचा तुम्हाला हक्क आहे.

बीटा ब्लॉकर, म्हणजे बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे, २००६ पासून नुसत्या रक्तदाबासाठी इथे पहिली पसंती नाहीत, पण हृदयासाठी अनेकांना चालू असतात. हात गार पडतात, थकवा येतो, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो, आणि साखर उतरल्याची धडधड झाकली जाते. ही गोळी एकदम थांबवणं धोक्याचं असतं, हळूहळू कमी करावी लागते.

एक विषय कुणी काढत नाही, म्हणून आम्हीच काढतो. काही गोळ्यांनी पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. मग गृहस्थ बायकोला न सांगता गोळी सोडतात किंवा परस्पर व्हायाग्रा घेतात. इथे ती २०१८ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय फार्मसीत मिळते. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेट चालू असेल तर ही जोडी जिवावर बेतू शकते, आणि डॉक्साझोसिनबरोबर दाब कोसळू शकतो. फार्मसीत बाजूला बोलायची खोली असते, तिथे विचारा. तशीच सूचना तरुण लेकीसुनांसाठी. 'प्रिल' आणि 'सार्टन' गरोदरपणात चालत नाहीत. बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचं.

गोळी सकाळी की रात्री, यावर आपल्याकडे फार चर्चा चालते. डंडी विद्यापीठाने चालवलेल्या टाइम नावाच्या अभ्यासात एकवीस हजारांहून जास्त ब्रिटिश रुग्ण होते. २०२२ साली निकाल लागला, दोन्हींत फरक नाही. लघवीची गोळी सोडली तर जी वेळ आठवणीत राहते ती उत्तम. एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

पाकिटातला कागद वाचून कित्येक जण गोळी सुरूच करत नाहीत. त्या कागदाची भाषा समजून घ्या. 'व्हेरी कॉमन' म्हणजे दहात एकाहून जास्त, 'कॉमन' म्हणजे दहात एकापर्यंत, 'अनकॉमन' शंभरात एकापर्यंत, 'रेअर' हजारात एकापर्यंत. यादी लांबलचक असते, पण सगळं सगळ्यांना होत नाही. नवीन त्रास झाला तर यलो कार्डवर तुम्ही स्वतःही कळवू शकता. थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर १९६४ साली ही पद्धत इथे डॉक्टरांसाठी सुरू झाली. आता रुग्णांनाही ती खुली आहे.

इंग्लंडमध्ये रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली की फार्मसिस्ट पहिल्या काही आठवड्यांत तुमच्याशी बोलून त्रासाची चौकशी करतात. न्यू मेडिसिन सर्व्हिस असं तिचं नाव, पैसे पडत नाहीत. २०११ पासून ही सोय आहे आणि आपल्यातल्या फारच थोड्यांनी ती वापरली आहे. चाळिशीपुढच्यांचा दाब बऱ्याच फार्मसीत मोफत मोजूनही मिळतो.

आता यंत्रांविषयी. ती दंडावर बांधायची असतील, मनगटाची नाहीत, आणि ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटीच्या यादीतलीच घेतली जातील. स्वेटरवरून पट्टा बांधायचा नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, टेकून, पाय जमिनीवर. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस, आणि आकडे आले तसे लिहायचे. चांगला दिसला तेवढाच लिहायचा, असं नाही. तो कागद सर्जरीत दिलात की डॉक्टरांना खरं चित्र दिसतं, आणि कदाचित एखादी गोळी कमीही होते.

जेवणानंतर आमचा गट मागच्या दोन टेबलांवर बसणार आहे. औषधांची पिशवी आणली असेल तर घेऊन या. आम्ही प्रिस्क्रिप्शन बदलणार नाही, तो अधिकार आम्हाला नाही, पण काय कशाला आहे आणि कुणाला काय विचारायचं हे मराठीत सांगू. आज नसेल आणली तर पुढच्या महिन्याच्या बैठकीला आणा. सगळं आणा, खणातल्या न उघडलेल्या पाकिटांसकट. कुणी रागावणार नाही.